पडल्यानंतरचं शूटिंग

१

लोक तिला डॉक्टरीण म्हणायचे. तिचा दवाखाना म्हणजे सर्फिंग शाळेच्या मागची पत्र्याची शेड, आणि पेशंट म्हणजे भिंतीला टेकवून ठेवलेले मोडके बोर्ड. कुणाचं नाक फुटलेलं, कुणाच्या पोटाला भेग पडलेली, कुणी बिचारा मधोमध दुभंगलेला. ती भेग घासायची, आत भरण भरायची, वर काचेच्या धाग्यांचं कापड पसरून रेझिन ओतायची, आणि वाळलं की पुन्हा घासायची. हातांना त्या रेझिनचा वास कायमचा. नवरा म्हणायचा, "तुझा हात धरला की कपाट रंगवल्यासारखं वाटतं." तिला एके काळी यावर हसू यायचं.

एके काळी म्हणजे गोटीच्या आधी. या घराचा इतिहास दोनच भागांत होता, गोटीच्या आधी आणि गोटीच्या नंतर. आधीच्या काळात या किनाऱ्यावर तिच्याइतकं छान लाटेवर कुणी उभं राहत नव्हतं. शाळा चालवणारा हा नवरासुद्धा तिच्याकडूनच उभं राहायला शिकलेला. नंतर पोरगी झाली, गोटी, डावा गुडघा कुरकुरायला लागला, आणि लाट वळते तिथे बोर्ड वळवायची वेळ आली की डॉक्टरीण पाण्यात. दर वेळी तिथेच. उठून उभं राहायचं झकास, सरळ जायचं झकास, आणि वळणावर धप्प.

अशात नवऱ्यानं एक छोटा कॅमेरा आणला. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, पाण्यात चालणारा.

"शाळेची जाहिरात करू," तो म्हणाला. "बोर्डच्या टोकावर बसवायचा, तोंड मागे. म्हणजे उभ्या माणसाचा चेहरा दिसतो आणि मागून येणारी लाट दिसते. नवीन आलीय ना आपली, तिला घेऊ म्हणतो. तिचा तोल काय सुंदर आहे!"

नवीन आलेली म्हणजे शिकवायला ठेवलेली एक उंच पोरगी. डॉक्टरीण तिला मनातल्या मनात शिडी म्हणायची. नावात काही वाईट नव्हतं, म्हणण्यात होतं.

डॉक्टरिणीचा घासायचा हात थांबला. "आणि कॅमेरा बसवणार कोण?"

"तूच. दुसऱ्या कुणाला जमतंय?"

"मग माझ्या बोर्डवर बसवते," ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली, जरा जास्तच जोरात.

२

कॅमेरा बसवणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. बोर्डवर मेण चोपडलेलं असतं, पाय घसरू नये म्हणून. ते सगळं खरवडून काढावं लागतं. मग स्पिरिटनं पुसायचं, चिकटपट्टी जरा शेकायची, दाबून बसवायची आणि दिवसभर तिला हात लावायचा नाही. घाई केली की पहिल्याच लाटेत कॅमेरा समुद्राच्या पोटात. शिवाय एक दोरी वेगळ्या जागी अडकवायची, पट्टी सुटली तरी दोरी धरून ठेवते. डॉक्टरिणीनं हे सगळं जिवापाड केलं. शिडीच्या नाकावर टिच्चून करायचं होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. लाट चांगली मिळाली. उठली, उभी राहिली, वळणाशी आली आणि धप्प. नाकातोंडात पाणी. पायाला बांधलेल्या दोरीनं बोर्ड ओढून घेतला आणि खोकत खोकत काठाला आली. नवऱ्याचं लक्ष नव्हतं, तो शिकाऊ लोकांना वाळूवर पालथं झोपवून हात मारायला शिकवत होता. बरंच झालं, तिला वाटलं.

संध्याकाळी चहाच्या वेळेला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला गेला. गोटी बापाच्या मांडीवर. डॉक्टरीण ओट्याशी, पाठ फिरवून. पडलेलं बघायचं नव्हतं तिला.

"अगं!" नवरा ओरडला. "अगं हे काय! हे कधी केलंस?"

ती वळली. पडद्यावर ती होती. समुद्रात घालायचा निळा सूट, ओले केस, मागे काचेसारखी उभी राहिलेली लाट. वळण आलं. पडद्यावरचीनं गुडघा वाकवला, खांदा फिरवला, आणि बोर्ड लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. ती पुढे गेली. जातच राहिली. चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्यालाही हसू यावं.

गोटीनं टाळ्या पिटल्या. "आई उडाली! आई उडाली!"

"कधी केलंस गं?" नवऱ्यानं पुन्हा विचारलं. त्याच्या डोळ्यांत जे होतं, ते तिनं गोटीच्या आधीच्या काळानंतर पाहिलं नव्हतं.

"आज," ती म्हणाली. त्यात खोटं काय होतं? पडद्यावर होतं ते.

३

आता तुम्ही म्हणाल, बाई तिथल्या तिथे का नाही बोलली की मी पडले होते म्हणून? बोलायला काय लागतं! कितीतरी दिवसांनी घरात कुणी आपल्याकडे तसं बघतंय, आणि त्यावर आपल्याच हातानं पाणी ओतायचं? तुम्ही ओतलं असतं का?

पण मनात भुंगा लागला. डोकं तिचं सरळ चालणारं होतं. जिथे भेग आहे तिथे काहीतरी आपटलेलं असतं, एवढं तिला धंद्यानं शिकवलं होतं. पहिला संशय साहजिकच शिडीवर गेला. आपला निळा सूट शेडमध्ये खुंटीला असतो. आपला बोर्डही तिथेच. नवऱ्यानं शिडीला चढवलं असेल आणि तुकडे जोडले असतील. म्हणजे दोघं मिळून आपल्याला खूश करतायत? का दोघं मिळून आणखी काही? या विचारानं तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून पुढच्या वेळी तिनं गोटीचा पिवळा केसांचा बँड मनगटात घातला. कुणाला न सांगता. त्या दिवशी ती पडली तेव्हा कोपर खडकाला घासलं, चांगलं सोललं.

संध्याकाळी पडद्यावर मनगटात पिवळा बँड होता. चेहरा तिचाच, हनुवटीवरच्या लहानपणच्या व्रणासकट. वळण आलं, बोर्ड फिरला, ती पुढे गेली. कोपर धड, कुठे ओरखडा नाही. डॉक्टरिणीनं टेबलाखाली आपलं कोपर दाबलं. दुखलं.

गोटी हात धुवायला गेल्यावर तिनं विचारलं, "तू यात मागून काही जोडतोस का रे?"

"मला कापता येतं, जोडायला कुठे येतंय?" तो म्हणाला. "आणि कापायला तरी काय आहे? बाकीच्यांचं पडल्यानंतरचं शूटिंग मी उडवून टाकतो. नुसते बुडबुडे नि आभाळ, कोण बघतंय? तुझ्यात तर पडणंच नाही." त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "एवढं छान जमतंय आणि तोंड का सुतकी?"

पाण्याखाली गेलं की माणसाला वेळेचं भान राहत नाही, तिनं स्वतःला समजावलं. कदाचित आपण आधी वळतो आणि मग, खूप पुढे जाऊन पडतो. डोक्याला मार बसला की मधलं विसरतं म्हणे माणूस. पटण्यासारखं होतं. पण पायाची दोरी? पडल्यावर ती दोरी ताणली जाते नि बोर्ड जागीच अडतो. अडलेला बोर्ड पुढे कसा जाईल?

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, ती मात्र तिनं कुणाला विचारली नाही. कॅमेऱ्याचं तोंड मागे, म्हणून त्यात किनारा दिसायचा नाही. दिसायचं ते पाणी, क्षितिज आणि ती. पडद्यावरची बाई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्यावरून पलीकडे बघत होती, किनाऱ्याकडे, कुणीतरी उभं असावं तशी. आणि बघता बघता तिचा चेहरा मऊ पडायचा.

४

मग घरात एक नवीनच टूम निघाली. रोज संध्याकाळी लॅपटॉप. गोटी त्याशिवाय घास गिळेना. "लाटेवरची आई लावा," म्हणायची. बाप लावायचा. दोघं मान पुढे काढून बघत बसायचे, आणि डॉक्टरीण गोटीच्या तोंडात घास कोंबायची.

"आई, तू बाजूला हो ना, दिसत नाहीये."

डॉक्टरीण बाजूला झाली.

"लाटेवरची आई हसते," गोटी एकदा घास चावता चावता म्हणाली. "घरातली आई ओरडते."

"घरातली आई भांडी घासते," डॉक्टरीण म्हणाली. "लाटेवरचीला सांग ये म्हणावं, दोन ताटं विसळ."

नवरा खदखदून हसला. डॉक्टरीण हसली नाही.

जाहिरातीचं नक्की झालं. शिडी नाही, डॉक्टरीणच. नवऱ्यानं तिचं एक चित्र मोठं छापून शाळेच्या दारावर लावलं. येणारे जाणारे थांबून बघायचे. "अरे वा, ह्या तुम्ही?" असं विचारताना त्यांची नजर दारावरून तिच्याकडे यायची, आणि येता येता जराशी खाली उतरायची. तिला ते समजायचं.

खरं तर ती जिंकली होती. शिडीचा पत्ता कट झाला होता. पण पोटात जे दुखत होतं ते थांबेना, फक्त जागा बदलून दुसरीकडे दुखायला लागलं. एका दुपारी शेडमध्ये बोर्ड घासता घासता तिला चक्क कळलं की आपण जळतोय, आणि कुणावर जळतोय. सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिच्या झिंज्या म्हणजे आपल्याच. नवऱ्यावर रागवावं तर तो आपल्याच बायकोच्या प्रेमात पडलेला. ही तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? तिला हसू आलं, आणि हसता हसता एकदम भीती वाटली. शेडमध्ये दुसरं कुणी नव्हतं. खुंटीवरच्या निळ्या सुटातून पाणी ठिबकत होतं. आज तर आपण समुद्रात गेलोच नव्हतो, तिला वाटलं. मग वाटलं, कालचं असेल. जाड सूट, वाळायला वेळ लागतो.

५

तिनं ठरवलं, पडद्यावरची काय बघते ते आपणही बघायचं. कॅमेरा काढला आणि उलटा बसवला, तोंड किनाऱ्याकडे. पट्टी शेकून दाबली, दोरी अडकवली, दिवसभर हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी लाट घेतली. वळणावर पडली. पाण्याखाली गेली, वर आली, खोकली. किनाऱ्याकडे बघितलं. नवरा शिकाऊ लोकांत, पाठमोरा. गोटी शिडीबरोबर वाळूत खड्डा खणत बसलेली. कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं.

या वेळी तिनं ते शूटिंग संध्याकाळपर्यंत ठेवलं नाही. शेडचं दार आतून लावून एकटीनंच बघितलं.

आधी बोर्डचं टोक आणि लांबवर किनारा. मग वळण आलं. इथे आपण पडलो. पडद्यावर किनारा तिरका झाला, सरळ झाला, आणि पुढे यायला लागला. शाळेचं छप्पर दिसलं. वाळूतला खड्डा दिसला. खड्ड्यातून गोटी उठली. नवरा वळला. दोघं धावत पाण्यात आले, गोटीच्या गुडघ्याला पाणी लागलं तरी थांबेना, हात पुढे केलेले, तोंडभर हसू. गोटीचा चेहरा मोठा होत होत कॅमेऱ्याच्या बाजूनं वर सरकला आणि दिसेनासा झाला. मग आवाज आला, पाण्यातून घुमल्यासारखा. "आई, आज तू लई उंच उडालीस!"

आणि डॉक्टरिणीच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "तू बघत होतीस ना, म्हणून."

पुढे नुसतं आभाळ.

ती उठली. घरी आली. नवरा कांदा चिरत होता.

"आज तुम्ही दोघं पाण्यात आला होतात? मी आले तेव्हा?"

"कुठे गं! क्लास चालू होता. तू आलीस कधी तेच कळलं नाही." त्यानं डोळे पुसले. "का?"

"काही नाही."

गोटीचा फ्रॉक दोरीवर वाळत होता. सकाळपासून ऊन कडक होतं, बाकीचे कपडे खडखडीत झालेले. फ्रॉकही वाळला होता. फक्त पाठीवर ओला. दोन जागा, दोन तळव्यांएवढ्या. बोटंसुद्धा मोजता आली असती, पण तिनं मोजली नाहीत. पोरीचे कपडे, कुठेही बसते, कशातही लोळते. तिनं फ्रॉक काढला आणि पुन्हा धुवायला टाकला.

गोटीला कुशीत घेऊन तिनं अगदी सहज विचारलं, "आज आईनं तुला उचललं होतं का गं?"

"हो. तूच तर उचललंस," गोटी म्हणाली, आणि तिच्या हाताचा वास घेऊन तिनं नाक मुरडलं. "तेव्हा असा वास येत नव्हता."

६

त्या दिवसापासून डॉक्टरिणीला एकच वेड लागलं. पडायचं नाही. आपण पडतो म्हणून त्या लाटेवरचीचं फावतं. आपण पडलोच नाही तर ती पुढे जाईल कशी? हिशोब वेडा होता, पण तिच्याजवळ दुसरा नव्हता. माझं घर आहे, माझी पोरगी आहे, आणि उचलायचं तर मीच उचलणार, एवढंच तिला दिसत होतं.

रोज उजाडताच ती कॅमेऱ्याशिवाय समुद्रात जाऊ लागली. गुडघ्याला पट्टा बांधला. पडली. पुन्हा पडली. शेवटी नाक मुठीत धरून तिनं जे केलं ते तिच्या जन्मात तिनं केलं नसतं. शिडीला जाऊन विचारलं.

"माझं काय चुकतं गं?"

शिडी बिचारी गडबडलीच. "ताई, तुमचं? मी तुमच्या त्या क्लिप्स बघून बघून शिकतेय!"

हे तर जखमेवर मीठ. "ते सोड. सकाळी बघितलंयस ना मला? खरं सांग."

शिडी वाळूत अंगठा घुसवत उभी राहिली. "ताई, राग मानू नका. सकाळी तुम्ही वेगळ्याच दिसता. वळण आलं की खाली बघता, पायाकडे. पडणार पडणार म्हणून बघता आणि पडता. क्लिपमध्ये नाही तसं करत. तिथे जिकडे जायचंय तिकडे बघता. पोरगी उभी असते ना तुमची काठावर? तिच्याकडे बघा. बाकी शरीर आपोआप वळतं."

डॉक्टरिणीला त्या पोरीचा हेवा वाटायचा बंद झाला त्या क्षणी. एवढी साधी पोर. आपण उगीचच तिच्यावर जळलो, आणि जळायचं होतं तिथे आधीच जळायला हवं होतं. तिनं शिडीच्या खांद्यावर हात ठेवला. "शहाणी आहेस," ती म्हणाली.

७

कॅमेरा पुन्हा तिच्याकडे तोंड करून बसला. सकाळ स्वच्छ होती. तिनं नवऱ्याला बजावलं, "आज क्लास बिस काही नाही. गोटीला घेऊन काठावर उभा राहा आणि माझ्याकडे बघ."

"जो हुकूम," तो म्हणाला.

लाट आली. ती उठली. वळण आलं, आणि तिनं पायाकडे बघितलं नाही. तिनं गोटीकडे बघितलं, लाल टोपी घातलेला तो इवलासा ठिपका. गुडघा वाकला, खांदा फिरला.

त्याच वेळी पायाची दोरी ताणली गेली.

कुणीतरी धरून लटकावं तशी. बोर्डचं मागचं टोक बुडालं, जसं दुसरं माणूस चढल्यावर बुडतं. घोट्याला गार काहीतरी लागलं. शेवाळ असेल, समुद्रात काय कमी घाण असते? मागे बघायचं नाही, तिनं स्वतःला सांगितलं. मागे बघितलं की पडणार. तिनं दात आवळले, सगळा भार पुढच्या पायावर टाकला आणि तो मागचा पाय जोरात, अगदी जोरात झटकला.

ओढ सुटली. बोर्ड हलका झाला आणि सुसाट निघाला.

काठावर गोटी धावत आली, डॉक्टरिणीनं तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं. नवरा गुडघाभर पाण्यात शिट्ट्या मारत होता. ती रडत होती, हसत होती. इतका आनंद तिला गोटी झाली त्या दिवशीसुद्धा झाला नव्हता, आणि हे मनात आल्याची तिला लाजही वाटली नाही.

दुपारी दोघं झोपलेली असताना तिनं शेडमध्ये कॅमेरा उघडला. आपण कसे दिसतो ते एकदा एकटीनं बघायचं होतं. अख्खं.

पडद्यावरची उठली, उभी राहिली. वळणाशी आली. पायाकडे बघितलं, आणि पडली.

बोर्ड रिकामाच पुढे निघाला. मागे फेस, बुडबुडे, आणि मग फेसातून एक डोकं वर आलं. ओले केस तोंडावर. तिनं ते बाजूला केले आणि बोर्डकडे बघितलं. नाही, बोर्डवरून पलीकडे बघितलं. तोंड उघडलं. आवाज नुसता पाण्याचा होता, पण ओठ काय म्हणतायत ते डॉक्टरिणीला वाचावं लागलं नाही. हे नाव तिनं स्वतःच ठेवलेलं होतं.

राग असता तर बरं झालं असतं. दात विचकले असते, डोळे पांढरे असते, तर डॉक्टरीण किंचाळून मोकळी झाली असती. तसं काही नव्हतं. आपलं मूल गर्दीत हात सोडून पुढे गेल्यावर आई बघते, तसं ती बघत होती. मग तिनं पोहायला सुरुवात केली. बोर्ड पुढे जात होता, ती लहान लहान होत होती, पण थांबत नव्हती. हात मारत होती, मान वर काढत होती, हाक मारत होती, पुन्हा हात मारत होती. शूटिंग संपेचना. किती वेळ चाललं होतं कोण जाणे.

डॉक्टरिणीनं बटण दाबलं. नक्की पुसायचं का, कॅमेऱ्यानं विचारलं. तिनं पुन्हा दाबलं.

हात धुताना तिच्या मनात आलं, मी पडायचे तेव्हा हिनंही मला असंच बघितलं असेल. मागे, फेसात, खोकताना. रोज बघितलं असेल. आणि तरी रोज मी घरी पोचत होते. तिनं नळ मोठा सोडला आणि वास जाईपर्यंत हात घासत राहिली.

८

त्यानंतर ती कधी पडली नाही. सगळा किनारा बघायला जमायचा. गुडघाही दुखेनासा झाला.

फक्त कॅमेरा बिघडला. ती लाट घ्यायची, लोक ओरडायचे, आणि संध्याकाळी पडद्यावर नुसता बोर्ड दिसायचा. रिकामा, स्वतःच्या स्वतः वळणारा, मागे लाट. नवऱ्यानं पुसून बघितला, दुकानात दाखवून आणला. शेवटी म्हणाला, "जाऊ दे, जुन्या क्लिप्स आहेत की." आणि संध्याकाळी पुन्हा जुन्याच लागायला लागल्या.

एका संध्याकाळी डॉक्टरीण त्यांच्या शेजारीच बसली होती. खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. तिनं साबणानं हात धुतले होते, केस विंचरले होते. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. पडद्यावरची हसत होती, पलीकडे बघत होती, चेहरा मऊ पडत होता. क्लिप संपली.

"बाबा," गोटी म्हणाली, "आई परत कधी येणार?"

"अगं वेडाबाई!" डॉक्टरीण हसली. "मी काय मग..."

नवरा हसला नाही. तो खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होता. "येईल," तो म्हणाला. "पोहता येतं तिला."

"गोटी," डॉक्टरीण म्हणाली. "गोटी, इकडे बघ. माझ्याकडे बघ."

गोटीनं बघितलं. नीट, डोळे भरून बघितलं. मग ती बाकावर जराशी सरकली आणि तिच्यासाठी जागा करून दिली.

"काकू," ती म्हणाली, "तुम्हाला दिसतंय ना तिथून?"